दुधातली कणीक

सासूबाई काशीला जाऊन आल्या तेव्हा माझ्या लग्नाला आठ-नऊ वर्षं झाली होती. नव्वदच्या दशकाची सुरुवात असेल. अल्लीपूरहून म्हाताऱ्या-कोताऱ्यांची एक अख्खी बस भरून गेली होती. काशीला गेलं की तिथं आपल्या आवडीची एखादी खायची वस्तू जन्मभरासाठी सोडून यायची, ही आमच्याकडची रीत. बस परत आल्यावर कोणी काय सोडलं याची चर्चा गावात पंधरा दिवस पुरली. एकीनं अंजीर सोडलं होतं. अल्लीपुरात अंजीर कोणाच्या ताटात कधी आलं होतं, देव जाणे. दुसरीनं कारलं सोडलं. माझे सासरे भाजीवाले शेतकरी, त्यांची वांगी हिंगणघाटच्या बाजारात ओळखीची होती, त्यांनी वांगं सोडलं आणि घरी येऊन हसत सांगितलं, की रोज तेच तोंड पाहून जीव विटला होता, बरं निमित्त मिळालं.

सासूबाईंनी दूध सोडलं. नुसतं दूध नाही, दुधाचं सगळंच. दही, ताक, तूप, चहातलं दूधसुद्धा. ज्या बाईनं उभा जन्म गाय पाळली, जिला सकाळी शिळी भाकर ताज्या दुधात कुस्करून खाल्ल्याशिवाय दिवस सुरू झालासा वाटत नसे, तिनं दूध सोडलं. मी तेव्हा तरुण होते आणि तोंडाने फटकळ होते. म्हटलं, "आई, अंजीर सोडायचं ना तुम्हीपण."

त्या म्हणाल्या, "या बायका देवाले फसवून राह्यल्या. मले नाई जमत. द्याचंच हाये तं मग आवडीचं द्या."

काही वर्षांनी सासरे गेले. भाजीची वाडी निम्म्या वाट्यावर बटाईनं दिली, गाय विकली आणि सासूबाई आमच्याकडे वर्ध्याजवळ सिंदी मेघेला आल्या. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि देवाची इवलीशी खोली, एवढंच आमचं घर, पुढे जरा अंगण. हे वर्ध्याला एका शाळेत कारकून. मला मनातून धडकीच भरली होती, खोटं कशाला बोलू. पण त्या आल्या आणि घराला एक शिस्त लागली. पहाटे उठायचं, थंड पाण्यानं आंघोळ, पूजा, दिवा, मग लेआउटच्या, म्हणजे आमच्या वसाहतीच्या, टोकाला असलेल्या मारुतीपर्यंत पायी जाऊन यायचं. पाऊस असो, ऊन असो. दोन वेळा मोजकं जेवण, मधे काही नाही. दुपारी आजूबाजूच्या बायका भजनाला जमायच्या, त्यात सासूबाईंचा आवाज सगळ्यांच्या वर. दुखणं म्हणून माहीत नव्हतं. पंचाहत्तरीची बाई अंगण सारवायची आणि मी चाळिशीत कंबर धरून बसायचे. शेजारणी मला म्हणायच्या, म्हातारपण असावं तर असं. मला ते ऐकून जरा रागच यायचा, कारण त्यात माझ्याकडे बोट असायचं.

एकच गोष्ट मला छळायची. ताट वाढलं की पहिला घास मोडायच्या आधी त्या विचारायच्या, "काय घातलं वं यात?" रोज. दोन्ही वेळा. भाजीत काय, वरणात काय, चटणीत काय. मी आपली सांगायची, तेल घातलं, जिरं घातलं, शेंगदाण्याचा कूट घातला. त्यांचा हेतू सरळ होता, कुठं चुकून दह्याचा हात लागला असेल तर कळावं. पण मला वाटायचं, ही रोजची परीक्षा आहे आणि मी रोज काठावर पास होते आहे. एकदा मी चिडून म्हटलं, "विष नाही घातलं, आई." त्या खळखळून हसल्या. "तेवढं सोडून सांग," म्हणाल्या. लोकांकडेही हेच. सत्यनारायणाला पंचामृत हातावर आलं की त्या ते डोळ्यांना लावायच्या आणि हात पुसून टाकायच्या. कोणाला त्याचं वाईट वाटत नसे. त्यांच्या चेहऱ्यावर असं काही समाधान असायचं, की हिनं काही सोडलंय असं वाटायचंच नाही.

मग त्या पडल्या. दोन हजार साल उलटून तीनेक वर्षं झाली असतील. मारुतीच्याच पायरीवरून पाय घसरला आणि मांडीचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, सळई बसली, तीन महिने खाटेवर. अंगावरचं मांस उतरलं. डॉक्टर म्हणाले, हाडं पोकळ झाली आहेत, दूध-दही पोटात गेलं पाहिजे, नाहीतर पुन्हा उभ्या राहणार नाहीत. यांनी काशीला दूध सोडल्याची गोष्ट सांगितली. डॉक्टर तरुण होते, हसले. म्हणाले, मग गोळ्या घ्या. गोळ्या घेतल्या की सासूबाई पोट धरून बसायच्या. डाळ जास्त झाली की रात्र जागून काढायच्या. एक दिवस यांनी समोर बसून समजावलं. आई, देव काही दवाखान्यात येऊन पाहत नाही. त्या म्हणाल्या, "म्हणूनच तं पाळाचं असते, बाबू." त्यापुढे विषय नाही.

दुसऱ्या दिवशी हे सकाळी दुधाचा डबा घेऊन आले, तर रोजच्यापेक्षा अर्धा लिटर जास्त. स्वयंपाकघरात येऊन हळूच म्हणाले, "तिची कणीक दुधात भिजवत जा. पाणी घालूच नको. तिले काही सांगू नको."

मी म्हटलं, "कळेल त्यांना."

"तोंडाले चव नाई तिच्या. कालच म्हणत होती."

मी नाही म्हणायला हवं होतं. नाही म्हटलं नाही. मला त्या चालायला हव्या होत्या. कशासाठी, तेही सांगते. खाटेवरच्या माणसाचं सगळं मलाच करावं लागत होतं आणि मी थकले होते. माया होती, पण थकवाही होता, आणि त्या दोन्हींतलं कोणतं मोठं होतं, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगू शकणार नाही.

मी दूध आटवलं, त्यात कणीक भिजवली, चार लहान पोळ्या लाटल्या. तव्यावर त्यांचा वास वेगळा येत होता. मी उत्तर तयार ठेवलं होतं, की आज तेलाचा हात जास्त पडला म्हणून मऊ झाल्या. ताट घेऊन गेले. त्यांनी पोळीचा तुकडा मोडला. दोन बोटांत जरा दाबला. माझ्याकडे पाहिलं. आता विचारणार, असं मला वाटलं.

त्यांनी विचारलं नाही. तुकडा वरणात बुडवला आणि खाल्ला. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही, पुढे कधीच नाही. रोजचा तो प्रश्न बंद झाला. माझं तयार केलेलं खोटं तसंच न वापरता राहिलं. मला इतकं हलकं वाटलं. मी यांना सांगितलं, की आई आता निवळल्या, मागं लागत नाहीत. हेही खूश झाले.

किती मूर्ख असावं माणसानं! दुधात कणीक भिजवली की तिच्या दशम्या होतात. प्रवासाला न्यायच्या दशम्या, चार दिवस टिकणाऱ्या. सासऱ्यांच्या बाजाराच्या शिदोरीत सासूबाईंनी चाळीस वर्षं त्या बांधून दिल्या होत्या. मलाही दशम्या करायला त्यांनीच शिकवलं होतं, लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात, माझा हात धरून. आणि मी त्यांना त्यांचीच दशमी पोळी म्हणून वाढत होते आणि समजत होते, की म्हातारीला कळत नाही.

त्या सुधारल्या. हे मान्य केलंच पाहिजे. दोन महिन्यांत काठी धरून अंगणात आल्या, चार महिन्यांत मारुतीपर्यंत जाऊ लागल्या. गालावर जरा मांस आलं. डॉक्टर यांच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, चांगली सेवा केलीत. यांनी घरी येऊन मला ते तीनदा सांगितलं.

पण त्या पूजेला बसेनात. चालू लागल्याच्या पहिल्याच आठवड्यात म्हणाल्या, "माह्या हाताले कापरं भरते. दिवा पडंल. तूच लावत जा." ऑपरेशन झालेलं माणूस, मला ते खरंच वाटलं. मी दिवा लावायची आणि त्या दाराशी खुर्ची टाकून पाहत बसायच्या. देवाच्या खोलीत पाऊल टाकत नसत. मारुतीला जायच्या, पण पायरीखालूनच हात जोडून परत यायच्या. मी म्हटलं, पडल्याची भीती बसली असेल. भजनाला बायका यायच्या, सासूबाईंच्या मांडीवर टाळ असायचे, पण आवाज नाही. एकादशी मात्र कडक करायच्या. त्या दिवशी पोळी नसे, भगर नाहीतर शेंगदाणे, आणि त्या दिवशी दुपारी मला त्यांचं बारीक गुणगुणणं ऐकू यायचं. मी त्याचा अर्थ लावला नाही. घरात पोळ्यांच्या पलीकडे माझं डोकं चालत नसावं.

उन्हाळा आला. त्या वर्षांत लाइट दिवसातून आठ-आठ तास जायची. एक दिवस फ्रिजमधलं दूध दुपारीच फाटलं. संध्याकाळी गवळ्याकडेही मिळालं नाही. मी त्यांची कणीक पाण्यात भिजवली. त्यांनी तुकडा मोडला, दोन बोटांत दाबला आणि थांबल्या. मग अगदी सावकाश, चावून चावून दोन पोळ्या खाल्ल्या. हात धुऊन म्हणाल्या, "आणजो माचिस. आज दिवा मी लावीन."

सकाळची पूजा होऊन गेली होती, संध्याकाळचा दिवा राहिला होता. मी माचिस दिली. त्या देवाच्या खोलीत गेल्या, खाली बसता येत नव्हतं म्हणून पाटावर वाकल्या. काडी ओढली, वात लागली. हात जरासुद्धा कापला नाही.

दुसऱ्या दिवशी दूध आलं, दुधातली पोळी झाली, आणि संध्याकाळी त्या खुर्चीवर. "तूच लाव."

मला तरी उमगलं नाही. पंधरा दिवसांनी कसला तरी बंद होता, दूधवाले आले नाहीत. पुन्हा पाण्यातली कणीक, पुन्हा सावकाश जेवण, पुन्हा "आणजो माचिस." मी ओट्याजवळ उभी होते. हातात लाटणं होतं. तेव्हा सगळं एकदम कळलं. बाईला पहिल्या घासापासून माहीत होतं. दिलेला शब्द आपल्या तोंडानं रोज मोडतोय, तर देवासमोर कोणत्या तोंडानं जायचं, म्हणून ती बाहेर बसत होती. आणि विचारत का नव्हती, तेही मग कळलं. विचारलं असतं तर मला खोटं बोलावं लागलं असतं. पापाचा माझा वाटा तिनं मला उचलूच दिला नव्हता.

मी यांना सांगितलं. वाटलं होतं, ऐकून हे हादरतील. हे म्हणाले, "मंग कळत असून खाऊन राह्यली ना? म्हणजे तिची ना नाई."

"त्या तुमच्यासाठी खातात."

"माह्यासाठी काऊन असेना, चालून तं राह्यली. दिव्यानं हाड नाई जुळत. बंद करशीन अन् उद्या पुन्हा पडली, तं तिचं तू करशीन का मी?"

त्यांचं बोलणं चुकीचं नव्हतं आणि तेच अवघड होतं. पुढचे सात-आठ महिने मी दुधातच कणीक भिजवली. माहीत असून. पहिले महिने मी अडाणीपणानं केलं म्हणता येईल, हे महिने मी भित्रेपणानं केले. त्या रोज तुकडा दोन बोटांत दाबायच्या, आणि मी दुसरीकडे पाहायची.

एक दिवस भजन संपल्यावर एक शेजारीण त्यांना म्हणाली, "आजी, काय तब्येत सुधारली तुमची! नशिबवान आहात, अशी सून मिळाली."

सासूबाईंनी टाळ पिशवीत ठेवले. "हो वं बाई," म्हणाल्या, "तब्येत बरी हाये. आता तेवढीच हाये."

शेजारीण चहा पीत होती, तिला ते लागलं नाही. मला लागलं. ज्या बाईचं म्हातारपण लोक एकमेकींना दाखवत, तिच्याकडे आता निव्वळ तब्येत उरली होती, आणि बाकीचं आम्ही चमच्या-चमच्यानं काढून घेतलं होतं. मी आत जाऊन रडले. मग तोंड धुतलं, परातीत कणीक घेतली आणि त्यात पाणी घातलं.

यांना सांगितलं नाही. आधी त्यांना फसवलं, मग यांना. दूध तर रोज तेवढंच येत होतं. त्याचं मी दही लावू लागले. यांच्या ताटात रोज दह्याची वाटी दिसू लागली. हे खायचे, बोलत काही नव्हते.

पहिल्या दिवशी सासूबाईंनी तुकडा दाबला आणि खाल्ला. संध्याकाळी दिवा लावला. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशीही. पुन्हा दूध फाटलं की काय, बंद आहे की काय, याची त्या वाट पाहत असाव्यात. चौथ्या दिवशी ताट समोर ठेवलं. त्यांनी तुकडा मोडला, पण तोंडात घातला नाही. माझ्याकडे पाहिलं आणि जवळजवळ दीड वर्षानंतर विचारलं, "काय घातलं वं यात?"

मी म्हटलं, "पाणी, आई. अन् मीठ."

"बरं," म्हणाल्या, आणि जेवू लागल्या.

त्यानंतर त्या पाच महिने जगल्या. पूजा त्या करायच्या, भजनात आवाज पुन्हा लागला, पहिल्यासारखा वर नाही, पण लागला. आणि दोन्ही वेळा तो प्रश्न. मी दोन्ही वेळा उत्तर द्यायची, आणि आता मला त्याचा राग येत नसे. पण त्या वाळत गेल्या, हे मी डोळ्यांनी पाहिलं. मारुती बंद झाला, मग अंगण बंद झालं. मग छातीत कफ धरला आणि तो सुटलाच नाही. शेवटच्या आठवड्यात पोळी जात नव्हती, भाताची पेज द्यायची. बोलवत नव्हतं. तरी चमचा ओठांशी नेला की त्या डोळ्यांनी विचारायच्या. "पाणी अन् मीठ," मी म्हणायची, आणि मग त्या तोंड उघडायच्या.

डॉक्टर म्हणाले, अंगात काही उरलंच नव्हतं. ते वाक्य माझ्या कानातून आजवर गेलेलं नाही.

तेरवीला नातेवाईक जमले. अल्लीपूरचे, हिंगणघाटचे. हे मंडपात सांगत होते, डॉक्टरांनी आशा सोडली होती, पण आम्ही युक्तीनं दूध दिलं म्हणून आई दोन वर्षं काढू शकली. मी पंगतीत वाढत होते. लोक माना डोलवत होते.

सगळे गेल्यावर हे स्वयंपाकघरात आले. मी परात घासत होते. दारात उभे राहून म्हणाले, "ते दही. ते तिच्याच दुधाचं होतं ना?"

"हो."

"म्हणजे शेवटी पाण्यातच भिजवत होती तू."

"हो. पाच महिने."

"तिले माहीत होतं?"

"विचारायच्या. रोज."

हे भिंतीला टेकून खाली बसले आणि लहान पोरासारखे रडले. त्यांनी मला दोष दिला नाही. बरं केलंस, असंही म्हणाले नाहीत. मी त्याची वाट पाहिली, त्या दिवशी, त्या वर्षी, नंतरही. कोणतं तरी एक ऐकायला मिळालं असतं तर मी मोकळी झाले असते.

आता यांनाही रिटायर होऊन बरीच वर्षं झाली. या माणसानं उभ्या जन्मात ताटात काय आहे हे कधी पाहिलं नव्हतं. पेपर वाचत जेवायचे. तेरवीनंतरच्या पहिल्या सकाळी मी पोळी वाढली, तर त्यांनी पेपर बाजूला ठेवला. तुकडा मोडून दोन बोटांत दाबला आणि विचारलं, "काय घातलं यात?"

तेव्हापासून रोज विचारतात. दोन्ही वेळा. यांनी काशी केलेली नाही, काही सोडलेलं नाही. आईची आठवण म्हणून विचारतात, की माझ्यावर विश्वास उरला नाही म्हणून, ते मी अजून विचारलेलं नाही. मी पोळी वाढते आणि सांगते, पाणी आणि मीठ.